सू जमातीचा नट आणि कोल्हापूरचा घोडेस्वार

आमच्या घरमालकीणबाईंनी कचऱ्याच्या डब्यांपाशी मला गाठलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "पुढच्या आठवड्यात खालच्या फ्लॅटमध्ये एक इंडिआनर राहायला येणार आहेत. खरे इंडिआनर. अमेरिकेहून."

माझे बाबा ओल्या कचऱ्याची बादली घेऊन मागे उभे होते. त्यांना जर्मनचं अक्षरही येत नव्हतं, पण तो एक शब्द त्यांनी पकडला. जिना चढता चढता म्हणाले, "इंडियन येतोय खाली? कुठला हाय? मराठी असला तर बरं हुईल. हितं बोलायला कोण नाही."

मी हसत सुटले. जर्मनमध्ये आपल्याला 'इंडर' म्हणतात आणि अमेरिकेतल्या मूळ लोकांना 'इंडिआनर'. या दोन शब्दांतला फरक समजावण्यात माझी स्टुटगार्टमधली पहिली दोन वर्षं गेली होती. सुपरमार्केटच्या रांगेत, डॉक्टरांकडे, गेर्लिंगेनला ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी ना कुणी विचारायचंच, आणि मी इंडर आहे म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा किंचित पडायचा. जर्मन माणसाचं इंडिआनरवर फार प्रेम. लहानपणी प्रत्येकाने पिसं लावून अंगणात बाण मारलेले असतात, आणि पुष्कळांचं ते वेड मोठेपणीही सुटत नाही. घरमालकीणबाई त्यातल्याच. त्या आणि त्यांचे दिवंगत यजमान अशाच एका हौशी मंडळाचे सभासद होते. शनिवार-रविवारी ही मंडळी माळावर कातडी तंबू ठोकून राहायची, मण्यांचं विणकाम करायची. बाई एरवी बँकेत नोकरीला होत्या.

बाबांना मी म्हटलं, "आपल्याकडचे नाहीत हो. ते रेड इंडियन म्हणायचो ना आपण सिनेमातले, ते. हे गृहस्थ नट आहेत. इथल्या नाटकात काम करायला येताहेत."

बाबा जिन्यातच थांबले. "नट? घोड्यावरचा?"

"घोड्यावरचा."

"मग झालं की," ते म्हणाले, आणि उरलेला जिना गुडघ्याची तक्रार न करता चढले.

हे दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे तीन महिने राहायला आले होते. कोल्हापुरात ते सूत गिरणीत नोकरी करायचे. पण लोक त्यांना ओळखायचे ते घोड्यावरून. ऐतिहासिक चित्रपटांचं शूटिंग लागलं की स्टुडिओतून निरोप यायचा, आणि बाबा रजा टाकून जायचे. लढाईच्या सीनमध्ये दौडणारे, भाला लागून कोसळणारे, धुळीत दिसेनासे होणारे जे घोडेस्वार असतात ना, त्यांतले एक माझे बाबा. आम्ही भावंडं थिएटरात पहिल्या रांगेत बसून ओरडायचो, "ते बघ बाबा! ते बघ मेले!"

तर हे पाहुणे आले त्या दिवशी घरमालकीणबाईंचं आख्खं मंडळ फाटकाशी जमलं होतं. पिसांचे टोप, कातड्याचे अंगरखे, चेहऱ्यावर रंगाचे पट्टे. बागेत त्यांच्यासाठी मुद्दाम तंबू उभारला होता. गाडी थांबली आणि तीतून एक उंच, सत्तरीचे गृहस्थ उतरले. चौकड्यांचा इस्त्रीचा शर्ट, जीन्स, डोक्यावर टोपी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. पांढऱ्या केसांची एकच वेणी पाठीवर. हातात चाकांची बॅग. त्यांनी त्या पिसंवाल्या मंडळींकडे एकदा शांतपणे पाहिलं, मग प्रत्येकाशी हात मिळवत, अस्सल इथल्या गावरान पद्धतीने म्हणाले, "ग्रूस गॉट."

मंडळी चाट पडली. मागाहून कळलं की तरुणपणी अमेरिकन सैन्यात असताना ते स्टुटगार्टच्या जवळच दोन वर्षं तैनात होते. तेवढं जर्मन डोक्यात राहिलं होतं.

घरमालकीणबाईंनी मोठ्या उमेदीने तंबू दाखवला. त्यांनी आत वाकून पाहिलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काम फार सुबक आहे." मग विचारलं, "हीटिंगवाली खोली कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बागेत फेऱ्या मारत होते आणि मी कपडे वाळत घालत होते. पाहुणे कॉफीचा मग घेऊन पायरीवर बसले होते. बराच वेळ बाबांच्या चालीकडे पाहून त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "हे तुझे वडील?"

"हो."

"डाव्या खुब्यावर पडलेत ते. घोड्यावरून. विचार त्यांना, कुठला घोडा होता."

मी बाबांना सांगितलं. बाबा चालता चालता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "पांढरी घोडी हुती," ते म्हणाले. "नाटकी जनावर. क्यामेरा बघितला की बिचकायची. पन्हाळ्याच्या वाटंवर शूटिंग हुतं. सांग त्यास्नी."

मी सांगितलं. पाहुण्यांनी जीन्सचा पाय वर करून नडगीवरची लांब खूण दाखवली. "करडा घोडा. अ‍ॅरिझोना. दिग्दर्शकाला पहिला टेक पसंत पडला नव्हता."

त्या सकाळपासून मी दुभाषी झाले. ऑफिसातून आले की हात-पाय धुऊन बागेत जायचं, चहा ठेवायचा आणि मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी करत बसायचं. जर्मनीत उन्हाळ्यात उजेड रेंगाळतो, त्यामुळे गप्पांना वेळच वेळ. माझा नवरा ऑफिसच्या कामाने वोल्फ्सबुर्गला असायचा, शुक्रवारी यायचा आणि विचारायचा, "मग, आज कुठली लढाई?"

बाबा सांगायचे, "आम्ही सकाळी मावळे आणि दुपारी मोगल. ड्रेपरी तेवढी बदलायची. एका पिक्चरात मी माझ्याच मागं लागलोय आणि मीच मेलोय."

पाहुणे मान मागे टाकून हसायचे. "आमचंही तेच. सकाळी अपाचे, दुपारी शायान. फक्त सू व्हायला मिळायचं नाही."

"का?" मी विचारलं.

"सूंच्या प्रमुखाचं काम मोठं असायचं. त्यासाठी ते न्यूयॉर्कचा इटालियन माणूस आणायचे आणि त्याला तपकिरी रंगवायचे. मी खरा सू, मी त्याच्या मागे उभा."

सू हेसुद्धा इतरांनी दिलेलं नाव, असं त्यांनी सांगितलं. स्वतःला ते लाकोटा म्हणायचे. बालपण डकोटाच्या रानात, राखीव वस्तीतल्या लाकडी घरात गेलं. सहाव्या वर्षी त्यांना मिशनच्या वसतिशाळेत घातलं. तिथे पहिल्याच आठवड्यात वेणी कापली, आणि लाकोटात बोललं की हातावर पट्टी बसायची. सुट्टीत घरी आलं की आजी पुन्हा भाषा शिकवायची. "शाळा दहा महिने पुसायची," ते म्हणाले, "आजी दोन महिन्यांत परत लिहायची." हे सांगताना आवाज चढला नाही. मग सैन्य, मग घोड्यांच्या शर्यती, आणि एकदा वस्तीजवळ एका सिनेमाचं शूटिंग लागलं. घोड्यावर बसू शकणारी माणसं हवी होती. ते गेले. दिवसभरात त्यांना तीन वेगवेगळ्या टेकड्यांवरून गोळी घालून पाडण्यात आलं. संध्याकाळी साहाय्यक दिग्दर्शकाने सांगितलं, तू चांगला पडतोस, उद्या ये.

चाळीस वर्षं ते असे पडत राहिले. सिनेमात पडले, मग टीव्हीवर वेस्टर्न मालिकांचं पीक आलं तेव्हा दर आठवड्याला पडले. एका मालिकेत त्यांना इतक्या वेळा मारलं होतं की नायकाचं काम करणाऱ्या नटाने शेवटी त्यांना लग्नाला बोलावलं.

बोलायची संधी फार उशिरा आली. एका सिनेमात दिग्दर्शकाने त्यांना दगडावर उभं केलं आणि सांगितलं, "तुमच्या भाषेत काहीतरी गंभीर बोल. काहीही चालेल." त्यांनी आकाशाकडे हात केला आणि खर्जात, संथपणे जे बोलले ते होतं आईचं रोजचं गाऱ्हाणं: छप्पर गळतंय, भावाला तीनदा सांगितलं, तो जुगारातून उठत नाही, आता मीच शिडी लावते. पडद्यावर खाली अक्षरं आली, 'पूर्वजांचा आत्मा कोपला आहे.' वस्तीजवळच्या गावात सिनेमा लागला तेव्हा त्या गंभीर प्रसंगाला अर्धं थिएटर हसून लोळत होतं, आणि त्यांची आई उठून उभी राहून मागच्या लोकांना सांगत होती, "हा माझा मुलगा. आणि छप्पर अजून गळतंय."

बाबांना ही गोष्ट मी तीनदा सांगितली. प्रत्येक वेळी ते डोळे पुसून म्हणायचे, "पण डायलॉग मिळाला की त्येला. आपल्या भाषेत मिळाला." बाबांना तो कधीच मिळाला नव्हता. एकदा मिळता मिळता राहिला होता. 'महाराज, गनीम खिंडीत शिरला' एवढंच म्हणायचं होतं. ऐन वेळी ते वाक्य एक्स्ट्रा पुरवणाऱ्याच्या भाच्याला गेलं.

नंतर काळ पालटला. हॉलिवूडला खऱ्या भाषा हव्याशा वाटायला लागल्या, आणि तेव्हा शोधाशोध करताना लक्षात आलं की पडणाऱ्या माणसांपैकी या एकाला जुन्या वळणाची, आजीची लाकोटा येते. त्यांना बोलावून संवादांचं भाषांतर करायला सांगितलं. ते नट-नट्यांना उच्चार शिकवू लागले, आणि हळूहळू स्वतःलाही बरी कामं मिळू लागली. ज्या भाषेसाठी हातावर पट्टी बसली होती, तिच्यासाठी आता सेटवर त्यांना वेगळी खुर्ची मिळायची. "खुर्चीवर माझं नाव होतं," ते म्हणाले, "आणि स्पेलिंग बरोबर होतं."

जर्मनीत त्यांना बोलावलं होतं ते डोंगरातल्या एका उघड्या नाट्यगृहाने. स्टुटगार्टहून गाडीने तासाभराच्या अंतरावर. मागे कडा, पुढे लाकडी बाकं, मधल्या रेतीत खरे घोडे. दर उन्हाळ्यात तिथे वेस्टर्न नाटक होतं. नट म्हणजे आसपासच्या गावांतले शिक्षक, बेकरीवाले, नगरपालिकेचे कारकून. त्या वर्षी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलं होतं: टोळीप्रमुखाच्या भूमिकेत हॉलिवूडचे खरे सू अभिनेते.

तालमी सुरू झाल्यावर एके दिवशी पाहुणे संहिता घेऊन माझ्याकडे आले. "माझं जर्मन सैनिकी आहे," ते म्हणाले. "हे वाचून सांग, मला वाटतंय तसंच आहे का."

मी वाचलं. त्यांची वाक्यं मराठीत आणायची तर साधारण अशी होती: 'लाल माणूस नाही खोटं बोलणे. पांढरा माणूस येणे, म्हैस मरणे.' एकाही क्रियापदाला रूप नव्हतं.

"तसंच आहे," मी म्हटलं.

"शनिवारी माझ्याबरोबर चल. दिग्दर्शकाला इंग्रजी जेमतेम येतं, आणि मला एकही शब्द चुकीचा जायला नकोय."

बाबाही अर्थात आले. घोडे बघायला मिळणार होते.

दिग्दर्शक भला माणूस होता. त्याने आम्हाला सफरचंदाचा रस दिला, बाबांसाठी बाकावर उशी ठेवली. पाहुण्यांनी चष्मा लावून संहिता मांडीवर घेतली आणि मला म्हणाले, "विचार त्यांना, या माणसाचं वय किती?"

"सत्तरच्या आसपास," दिग्दर्शक म्हणाला.

"सत्तर वर्षं टोळी सांभाळली. उपासमारीतून लोकांना बाहेर काढलं. सरकारशी तह केले. आणि याला क्रियापद चालवता येत नाही?"

मी भाषांतर केलं. दिग्दर्शक थोडा लाजला. "आल्झो, म्हणजे, तो परकी भाषा बोलतोय ना. म्हणून मोडकी."

"मग त्याला त्याची स्वतःची बोलू द्या. तीत तो अडखळत नाही."

"प्रेक्षकांना कळणार कसं? लहान मुलं असतात, आजी-आजोबा असतात. त्यांना ही वाक्यं ओळखीची आहेत. लोक त्यासाठीच येतात."

पाहुण्यांनी प्रेक्षकांच्या रिकाम्या बाकांकडे बोट केलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी यांच्यासमोर मरतोय. मेलेलं सगळ्यांना कळलं. एकदा बोलून बघतो. नाही कळलं तर पुढच्या प्रयोगापासून तुमची वाक्यं म्हणेन, आणि नीट म्हणेन."

बाबा माझी बाही ओढत होते. "काय चाललंय? भांडण हाय का?"

मी त्यांना थोडक्यात सांगितलं. बाबा ताडकन उठले. "त्यास्नी म्हणावं, डायलॉग सोडायचा नाही. माझा मी सोडला, अजून चुटपुट हाय. म्हण तसं."

मी ते इंग्रजीत सांगितलं, आणि दिग्दर्शकाकडे वळून जर्मनमध्येही. का कोण जाणे, पण कोल्हापूरच्या त्या गनिमाची सगळी हकीकत मी त्या रेतीत उभं राहून सांगितली. दिग्दर्शकाने बाबांकडे पाहिलं. मग डोकं खाजवून म्हणाला, "एक प्रसंग. सेनाधिकारी जर्मनमध्ये प्रश्न विचारेल, तुम्ही तुमच्या भाषेत उत्तर द्या. अधिकारी त्यावर जे बोलेल त्यातून लोकांना धागा मिळेल."

"गेनाऊ, अगदी बरोबर," पाहुणे म्हणाले, आणि संहितेवर स्वतःच रेघ मारली.

दुसरी अडचण शेवटच्या प्रसंगाची होती. प्रमुखाला गोळी लागते आणि तो घोड्यावरून पडतो. त्यांच्या गुडघ्यांना आता ते शक्य नव्हतं. त्यांच्याऐवजी पडायला गावातल्या घोडेस्वारी शाळेतल्या शिक्षिका होत्या, पांढऱ्या वेणीचा टोप घालून. बाई उत्तम स्वार होत्या, पण पडायचं म्हटलं की आयुष्यभराची सवय आडवी यायची. घोड्यावर टिकून राहणं हेच तर त्या शिकवत होत्या. दोघे म्हातारे रेतीत उभे राहून सूचना देऊ लागले. एक इंग्रजीत सांगत होता, एक मराठीत, आणि मधे मी. "हात पुढं टाकू नगा," बाबा म्हणत होते. "खांदा द्या, खांदा. आणि लगाम आधी सोडा." बाईंना जमेना. तेव्हा बाबांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या, कठड्यावर चढले, छातीवर हात मारून 'आई गं!' अशी आरोळी दिली आणि गवतात कोसळले. मी किंचाळले. ते दोन गिरक्या घेऊन उठून बसले, टोपी झटकली आणि म्हणाले, "असं."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागोमाग सगळे बेकरीवाले आणि कारकून टाळ्या वाजवायला लागले. शिक्षिकाबाई दुसऱ्याच खेपेला सुरेख पडल्या.

घरी बागेत त्या एका प्रसंगाची तालीम चालायची. अधिकाऱ्याची जर्मन वाक्यं मी वाचायची. "तू फारच सौजन्याने जमीन मागतेस," ते मला म्हणायचे. "दरडावून विचार." त्यांच्या उत्तराचा अर्थ मी विचारला, तर म्हणाले, "मी भाषण करत नाही. तो विचारतो तू कोण, तर मी त्याला माझी नाती सांगतो. कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, कुठल्या नदीकाठी कोण जन्मलं. आमच्याकडे माणूस असाच स्वतःची ओळख देतो." बाबा म्हणाले, "आमच्याकडं तरी काय वेगळं? गाव कुठलं, कुणाचा, मामा कोण."

पहिला प्रयोग शनिवारी दुपारी होता. बाकं भरलेली. लोकांनी ब्रेत्झेलचे पीळदार खारे पाव, थर्मास, पावसासाठी छत्र्या आणल्या होत्या. तिसऱ्या रांगेत घरमालकीणबाईंचं मंडळ पूर्ण पिसांनिशी. मी बाबा आणि नवरा यांच्या मधे बसले होते आणि हातातला रुमाल पिळत होते. ऑफिसात नव्या इंजिनाच्या चाचणीआधीही मी इतकी घाबरत नाही.

आधी बराच गोळीबार झाला, एक आगगाडी आली, मुलं ओरडली. मग ते आले. घोडा पावलापावलाने रेतीच्या मध्यभागी आला आणि थांबला. पिसांचा टोप त्यांनी नाकारला होता, वेणी आणि खांद्यावर घोंगडी एवढंच. अधिकाऱ्याने दरडावून विचारलं, "तू कोण आहेस?"

ते बोलायला लागले. मोठ्याने नाही. पण त्या कड्याला आदळून प्रत्येक शब्द शेवटच्या बाकापर्यंत जात होता. आजी असावी अशा ठिकाणी त्यांचा आवाज मऊ झाला, आणि मला तेव्हा कळलं की नाटकातल्या प्रमुखाची नाही, ते स्वतःचीच नाती सांगताहेत. लोक ब्रेत्झेल हातात धरून बसले होते. एक मूल काहीतरी विचारायला लागलं तर आईने त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला. बोलून झालं. अधिकाऱ्याचं काम करणारा शिक्षक आपलं वाक्य विसरला. त्याने टोपी काढली. ते संहितेत नव्हतं. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि तिसऱ्या रांगेतले सगळे पिसांचे टोप एकदम उभे राहिले. घरमालकीणबाई रडत होत्या आणि चेहऱ्यावरचे रंग ओघळत होते.

बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "घोडं बघितलंस? बोलत हुता तवर कान टवकारून उभं हुतं. खोट्या डायलॉगला जनावर असं ऐकत नाही."

प्रयोगानंतर सह्यांसाठी रांग लागली. टेबलामागे ते बसले होते. आम्ही कडेला उभे होतो. त्यांनी हाताने बाबांना खूण केली, शेजारची खुर्ची ओढली आणि समोरच्या माइकवर आपल्या सैनिकी जर्मनमध्ये म्हणाले, "हे माझे सहकारी. भारतातून आलेत. माझ्यापेक्षा जास्त लढायांत मेलेत." लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि रांगेतल्या पहिल्या बाईंनी कार्यक्रमपत्रिका बाबांपुढे धरली.

"काय लिहू?" बाबांनी घाबरून मला विचारलं.

"सही करा."

बाबांनी मराठीत पूर्ण नाव लिहिलं, खाली 'कोल्हापूर' लिहिलं. त्या बाईंनी ती अक्षरं निरखली आणि मला विचारलं, "ही इंडिआनरांची लिपी का?"

"नाही," मी म्हटलं. "ही माझ्या वडिलांची." आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याचा चेहरा पडला नाही. त्यांनी पत्रिका जपून पिशवीत ठेवली.

ते उत्तर मग उन्हाळाभर लाकोटातच राहिलं. बाबा सप्टेंबरात परत गेले. विमानतळावर दोघांनी मिठी मारली नाही. हात मिळवले, आणि पाहुण्यांनी बाबांच्या डाव्या खुब्यावर हलकेच थाप दिली. काही दिवसांनी तेही गेले. जाताना घरमालकीणबाईंच्या मंडळाला लाकोटाची थोडी वाक्यं शिकवून गेले, आणि बजावून गेले की पिसांपेक्षा याचा सराव करा. ते अजूनही करतात. दर मंगळवारी बागेत वर्ग भरतो, आणि उच्चारावरून वाद होतात.

दोन वर्षांनी एका रविवारी दुपारी घरमालकीणबाई धावत वर आल्या. "टीव्ही लावा! लगेच!" अमेरिकन मालिका होती, आजच्या काळातली. न्यायालय होतं, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर काळा झगा घालून, तोच दोरीचा चष्मा लावून ते बसले होते. गुडघ्यांचा प्रश्नच नव्हता. दोन वकील त्यांच्यापुढे उभं राहून घाम पुसत होते. इथे सगळ्या मालिका जर्मनमध्ये डब होतात, म्हणून त्यांच्या तोंडून कुणा जर्मन नटाचा भारदस्त आवाज येत होता, आणि मला ते जरा परकंच वाटत होतं. पण शेवटी साक्षीला एक म्हाताऱ्या बाई आल्या. न्यायाधीश पुढे झुकले आणि त्यांच्याशी लाकोटात बोलले. तेवढं डब करणाऱ्यांनी तसंच ठेवलं होतं. आणि आमच्या दिवाणखान्यात तो त्यांचा स्वतःचा आवाज आला.

घरमालकीणबाईंनी माझा हात घट्ट धरला. "मला समजलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी विचारलं, आजी, तुम्हाला पाणी हवं का?"

मी कोल्हापूरला फोन लावला. बाबांनी सगळं दोनदा ऐकून घेतलं. "जज्ज?" ते म्हणाले. "वकील उठून उभं ऱ्हात हुते त्येच्याम्होरं?"

"हो."

"बरं झालं. चांगला माणूस हाय. त्येच्या आईला कळायला पायजे हुतं." मग गल्लीतल्या कुणाला तरी हाक मारून ते तिकडेच सांगायला लागले, आणि फोन चालूच राहिला.

सोमवारी कँटीनमध्ये मी विषय काढायची वाटच पाहत होते. शेजारच्या टेबलावर माझ्या विभागप्रमुखांनीच तो काढला. कालच्या मालिकेतला तो न्यायाधीश काय जबरदस्त नट आहे, म्हणाले. मी ताट घेऊन त्यांच्या टेबलावर जाऊन बसले आणि त्या दिवशी माझं जेवण थंड झालं.